पारडं आणि पुरावा

चि. बाळ,

स्टडी परमिट संपलं, तेव्हा आता थेट टेम्पररी रेसिडेंट परमिटसाठी अर्ज करावा का, असं तू विचारतोस. त्यासाठी पात्रता म्हणजे काय, हे आधी नीट समजून घे. कॅनडाच्या 2001 च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम 24 सांगतं, की माणूस कायद्याच्या अटींत बसत नसला तरी परिस्थिती पाहून अधिकाऱ्याला योग्य वाटलं तर तो हे परमिट देऊ शकतो. म्हणजे अटी पुऱ्या केल्या की हक्काने मिळणारी ही गोष्ट नाही. तुझ्या राहण्याची गरज एका पारड्यात, तुझ्यामुळे येणारी जोखीम दुसऱ्यात. मिळालं तरी जास्तीत जास्त तीन वर्षांचं, कधीही रद्द होऊ शकणारं, आणि परत येण्याची मुभा न घेता देश सोडलास तर तिथेच संपणारं. शिवाय दुसरी वाट मोकळी असताना गरज पटवून देणार कशी? तुझी वाट अजून मोकळी आहे. विद्यार्थी म्हणून राहण्याचा दर्जा गेल्यापासून 90 दिवसांच्या आत तो पूर्ववत करून मागता येतो. आधी तो अर्ज कर.

तो फेटाळला गेला, तर टेम्पररी रेसिडेंट परमिट मागताना गरजेच्या पारड्यात काय टाकायचं, ते 2023 च्या एका प्रकरणातून दिसतं. एजंटांनी दिलेल्या बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांवर, त्यांत पंजाबची मुलं बरीच, देश सोडण्याची वेळ आली होती. त्या जूनमध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी जाहीर केलं, की ज्यांना फसवणुकीची कल्पना नव्हती आणि जे खरोखर शिकायला आले, त्यांना हेच परमिट मिळेल आणि चुकीच्या माहितीबद्दलची पाच वर्षांची बंदी लागणार नाही. तू म्हणशील, मुलं मिसिसॉगा शहरात रस्त्यावर बसली म्हणून सरकार नमलं. आंदोलनाचा दाब होताच. पण सरसकट माफी दिली गेली नाही, एकेक प्रकरण तपासायचं ठरलं. खोटा कागद खरोखर शिकायला आलेल्याच्या आणि नुसत्या नावापुरत्या आलेल्याच्या, दोघांच्याही फायलीत असेल. वर्गात बसलेल्या मुलाकडे मात्र गुणपत्रिका असते, फीच्या पावत्या असतात. त्यांचं वजन पडतं.

तुझी दुसरी शंका मला जास्त काळजीत टाकते. आठवड्याला 24 तासांची मर्यादा असताना जास्त काम केलं, ते सांगितलं तर अर्ज बुडेल, म्हणून गप्प बसावं का? बुडू शकतो, हे मी नाकारत नाही. दर्जा परत देताना जुन्या अटी पाळल्या का, हे पाहतातच. पण तसा नकार आला, तर तात्पुरत्या परमिटसाठी मांडायला तुझ्याकडे खरी हकीकत उरते: चूक काय, का झाली, अभ्यास किती पुरा झाला. लपवलंस आणि पगाराच्या नोंदींतून उघड झालं, तर कलम 40 खाली चुकीची माहिती दिल्याचा ठपका येतो, पाच वर्षांची बंदी येते, आणि जोखमीचं पारडं तू स्वतःच जड करतोस. जास्त तासांपेक्षा हे कितीतरी वाईट.

तेव्हा ते 90 दिवस आजच मोज. अर्जावर निर्णय येईपर्यंत काम करायला परवानगी नाही, म्हणून ते आजपासून बंद. भाड्याला कमी पडलं तर मला कळव. इथल्या एजंटाला आणखी पैसे देऊ नकोस. तिथल्या वकिलाकडे जा, किंवा सल्लागार गाठलास तर त्याचं नाव परवानाधारकांच्या यादीत आहे ना, ते पाहून मगच कागद हाती दे.

तुझा,
मामा