सोयाबीनवरील सावली आणि शेंड्यांची छाटणी

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, पुसद या बाजूच्या भारी काळ्या जमिनींत श्रावणातील झडीनंतर सोयाबीन कमरेइतके वाढलेले आढळते. पीक माजले, आता शेंगा धरणार नाहीत, या भीतीने काही शेतकरी विळ्याने शेंडे छाटतात. तसे करण्यापूर्वी पीक का माजते, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रकाश अपुरा पडला म्हणजे सोयाबीन उजेडाकडे ओढ घेते. पेरी लांबतात, खोड बारीक राहते आणि पीक लोळते. दाट पेरणी, तुरीची किंवा धुऱ्यावरील झाडांची सावली व सततचे आभाळ ही त्याची कारणे होत. फुलोऱ्यापूर्वीच्या सावलीचे नुकसान पीक बरेचसे भरून काढते. फुलोऱ्यापासून दाणा भरेपर्यंतची सावली मात्र फुले व कोवळ्या शेंगा गाळते. ती तूट पुढे भरून निघत नाही.

शेंडा खुडल्याने बगलेतील डोळे फुटतात, हे खरे. परंतु जे. एस. ३३५ सारखा वाण ९५ ते १०० दिवसांत तयार होतो. नव्या फांद्यांना फुलण्यास व शेंगा पोसण्यास अवधी कोठून मिळणार? फुलोऱ्यापूर्वी खुडूनही उत्पन्न वाढेल असा भरवसा नाही. फुलोऱ्यानंतर विळा चालविणे म्हणजे शेंगा आणि त्यांना पोसणारी पाने एकदमच कापणे होय.

तुरीची गोष्ट निराळी. पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी शेंडा खुडला तरी तिच्यापुढे तीन-चार महिने असतात. ती बुटकी राहते, फांद्या धरते, आणि पसरेपर्यंत सोयाबीन निघून गेलेले असते. याकरिता तूर शेतभर मिसळून न पेरता चार तासे सोयाबीन व दोन तासे तूर अशी पेरावी. सोयाबीनच्या दोन तासांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि बियाणे एकरी ३० किलोच्या आसपास वापरावे. उगवण चांगली असता मूठ सैल सोडण्याचे कारण नाही.

आता धुऱ्यावरील बाभूळ व कडुनिंब. खरिपात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावली लांबते ती सकाळ-संध्याकाळ. म्हणून पूर्वेच्या व पश्चिमेच्या धुऱ्यावरील झाडे पिकास अधिक बाधतात. त्यांच्या शेताकडील खालच्या फांद्या उन्हाळ्यातच उतरवाव्यात. पेरणीच्या गर्दीत हे काम राहून जाते.