नवा कॉम्प्युटर, नवे लाइटरूम: काय करावे, काय टाळावे

नांदगाव पेठ, अमरावती आणि आसपासच्या फोटो स्टुडिओंसाठी. लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्यांनी आधी दोन्ही याद्या वाचा, मगच जुन्या कॉम्प्युटरला हात लावा.

काय करावे

*निघण्यापूर्वी*

- हे काम चातुर्मासात उरका. तुळशीचे लग्न झाले की तारखा सुरू होतात आणि मोकळा दिवस मिळत नाही.
- मोझरीची पुण्यतिथी किंवा बहिरमची यात्रा यांची ऑर्डर हातात असेल तर ती देऊन झाल्यावरच सुरुवात करा.
- अर्धवट अल्बमचे फोटो आधी एक्सपोर्ट करून पार्टीच्या हवाली करा. मध्ये अडकलात तरी त्यांचे काम थांबणार नाही.
- कॅटलॉग नेमका कुठे आहे ते 'कॅटलॉग सेटिंग्ज'मध्ये पाहून कागदावर लिहा. ठिकाण बदललेले नसेल तर तो 'पिक्चर्स'मधल्या 'लाइटरूम' फोल्डरात असतो.
- फोटो कोणत्या डिस्कवर आणि कोणत्या ड्राइव्ह अक्षराखाली आहेत तेही लिहा. कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, त्यांचे पत्ते आणि तुमचे एडिटिंग असते.
- 'ऑल फोटोग्राफ्स'समोरचा आकडा टिपून ठेवा; शेवटची पडताळणी याच आकड्यावर होणार आहे.
- 'फाइंड ऑल मिसिंग फोटोज' चालवा आणि आधीपासून हरवलेले फोटो आत्ताच शोधा. नंतर जुनी चूक कोणती आणि नवी कोणती हे कळत नाही.
- कॅटलॉगचा बॅकअप घेताना 'टेस्ट इंटिग्रिटी'वर खूण करा. बिघडलेला कॅटलॉग हलवून सुधारत नाही.
- सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा. एडिटिंग एक्सएमपीत उतरते आणि कॅटलॉग दगावला तरी बरेच काही वाचते.
- प्रीसेटचे फोल्डर 'प्रेफरन्सेस'मधल्या 'शो लाइटरूम डेव्हलप प्रीसेट्स' बटणावरून उघडून कॉपी करा. ते सहसा कॅटलॉगसोबत नसतात.
- एक्सपोर्ट प्रीसेट, वॉटरमार्क आणि बाहेरून घातलेले कॅमेरा प्रोफाइल वेगळे उचला. एकही सुटला तर पहिल्याच ऑर्डरला अडाल.
- प्लगइनची यादी करा आणि त्यांच्या किल्ल्या ज्या ईमेलवर आल्या तो ईमेल शोधून ठेवा.
- अल्बमच्या पीएसडीत वापरलेले मराठी फॉन्ट गोळा करा; श्रीलिपी किंवा कृतिदेव नसेल तर 'चि. सौ. कां.'च्या जागी भलतीच अक्षरे उमटतात.

*कॉपी करताना*

- लाइटरूम पूर्ण बंद करा. कॅटलॉगशेजारी 'लॉक' फाइल दिसत असेल तर ते अजून उघडे आहे.
- कॅटलॉगचे अख्खे फोल्डर उचला, एकटी 'एलआरकॅट' फाइल नको.
- 'एलआरकॅट-डेटा' नावाची फाइलही सोबत आली ना, ते पाहा. 2021 मध्ये आलेल्या आवृत्ती 11 पासून मास्कची माहिती तिच्यात असते.
- स्मार्ट प्रीव्ह्यू सोबत न्या. मूळ फोटोंची डिस्क जोडलेली नसतानाही त्यांच्यावर काम करता येते.
- साधे प्रीव्ह्यू जागा कमी असेल तर मागे सोडा, ते पुन्हा तयार होतात.
- रॉ फाइलशेजारची एक्सएमपी फाइल तिच्याबरोबरच हलवा.
- मॅक आणि विंडोज दोन्हींवर फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही.
- केबल यूएसबी 3 च्या खाचेत लावा. यूएसबी 2 वर 1 टीबीला 8 तासांच्या आसपास जातात.
- कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्ही यूपीएसवर घ्या. वीज गेल्यावर तुटलेली कॉपी वरून पूर्ण झाल्यासारखी दिसते.
- वैशाखात काम करणे भागच असेल तर कॉपी रात्री लावा. पारा 45 अंशांवर असताना पोर्टेबल डिस्क दुपारभर तापू नये.
- पडताळणी करणारे साधन वापरा, उदाहरणार्थ टेराकॉपी. सोबत दोन्हीकडचे फाइलींचे आकडे आणि एकूण आकार जुळवा.
- तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, असा नियम पाळा. स्टुडिओ नांदगावात असेल तर एक डिस्क अकोल्याच्या नातेवाइकांकडे ठेवा.

*नव्या कॉम्प्युटरवर*

- फोटोंच्या डिस्कला 'डिस्क मॅनेजमेंट'मधून जुनेच ड्राइव्ह अक्षर द्या. या एका गोष्टीने निम्मी डोकेदुखी संपते.
- फोल्डरांची नावे आणि उतरंड जशीच्या तशी ठेवा; नीटनेटकेपणा नंतर, लाइटरूमच्या आतून करा.
- कॅटलॉग आतल्या एसएसडीवर ठेवा, फोटो दुसऱ्या डिस्कवर असले तरी चालतात.
- पहिल्यांदा 'एलआरकॅट' फाइलवर दोनदा क्लिक करून उघडा. नुसते लाइटरूम सुरू केले तर ते नवा रिकामा कॅटलॉग तयार करते.
- फोल्डरावर प्रश्नचिन्ह दिसले तर उजवी क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडा आणि खरे ठिकाण दाखवा.
- सगळ्याच फोल्डरांवर प्रश्नचिन्ह असेल तर 'शो पेरेंट फोल्डर'ने वरचे फोल्डर आणा आणि तेवढे एकच जोडा. आतली आपोआप जुळतात.
- एखाद्याच फोटोवर उद्गारचिन्ह असेल तर त्यावर क्लिक करून 'लोकेट' करा आणि 'फाइंड निअरबाय मिसिंग फोटोज'वर खूण ठेवा.
- एकूण आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा.
- प्रत्येक वर्षातले एक लग्न उघडा, एक फोटो पूर्ण मोठा करून पाहा, एक एक्सपोर्ट करा. लघुचित्र दिसले म्हणजे मूळ फाइल शाबूत आहे असे नाही.
- कलेक्शन, कीवर्ड, स्टार आणि व्हर्च्युअल कॉपी जागेवर आहेत का ते पाहा.
- नवा मॉनिटर कॅलिब्रेट करा आणि लॅबकडून एक चाचणी प्रिंट मागवा. तोवर कोणत्याही अल्बमचा रंग ठरवू नका.
- फोटोशॉपमध्ये मराठी जोडाक्षरे फुटत असतील तर 'टाइप'च्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा.
- इम्पोर्टच्या वेळी लागणारी नावे, प्रीसेट आणि कॉपीराइटची ओळ पुन्हा भरून एक कार्ड उतरवून पाहा.

*नव्या आवृत्तीवर जाताना*

- शक्य असेल तर एका वेळी एकच बदल करा: आधी जुनीच आवृत्ती नव्या कॉम्प्युटरवर चालवा, नीट चालली की मग अपग्रेड करा.
- लाइटरूम 5 किंवा 6 वरून येत असाल तर थेट आजच्या क्लासिकमध्ये जुना कॅटलॉग उघडा. ते त्याची नवी प्रत तयार करून घेते.
- अपग्रेडनंतर जुना कॅटलॉग वेगळ्या फोल्डरात हलवून नावापुढे 'जुना, उघडू नये' लिहा.
- रोजच्या कामाचा कॅटलॉग 'प्रेफरन्सेस'मध्ये नेमून ठेवा, म्हणजे मदतनीस चुकीचा उघडणार नाही.
- कॅनन ईओएस एम50 किंवा त्यानंतरचा सीआर3 काढणारा कॅमेरा असेल तर अपग्रेड पुढे ढकलू नका. डिसेंबर 2017 ची शेवटची 6.14 ती फाइल उघडत नाही.
- जुन्या कॉम्प्युटरवर ॲडोबीतून साइन आउट करा. एका वर्गणीत दोनच कॉम्प्युटर चालू राहतात.

काय टाळावे

- जुना कॉम्प्युटर नव्याच्या बदल्यात लगेच दुकानात देऊ नका; एक पूर्ण ऑर्डर नव्यावर इम्पोर्टपासून प्रिंटपर्यंत पार पडू द्या.
- कट-पेस्ट करू नका. कॉपी करा, तपासा, आणि जुने तसेच राहू द्या.
- हरवलेले दिसणारे फोटो 'रिमूव्ह' करू नका. त्यांच्यावरचे सगळे एडिटिंग कॅटलॉगमधून पुसले जाते.
- तेच फोटो पुन्हा इम्पोर्टही करू नका. एडिटिंग नसलेली दुसरी नोंद तयार होते आणि खरी कोणती ते शोधत बसावे लागते.
- 'सिंक्रोनाइझ फोल्डर' चालवताना 'रिमूव्ह मिसिंग फोटोज'वर खूण राहू देऊ नका.
- फोल्डर विंडोजच्या एक्सप्लोररमधून हलवू नका, नाव बदलू नका. लाइटरूमला त्याचा पत्ता लागत नाही.
- लाइटरूमच्या बॅकअपला फोटोंचा बॅकअप समजू नका. त्यात फक्त कॅटलॉग असतो, एकही फोटो नसतो.
- एक्सएमपी आहे म्हणून कॅटलॉग टाकून देऊ नका. कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी आणि हिस्ट्री एक्सएमपीत येत नाहीत.
- कॅटलॉग नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवू नका. तिथून तो उघडतच नाही.
- कॅटलॉग वनड्राइव्ह किंवा तत्सम फोल्डरात चालवू नका. अर्धी लिहिलेली फाइल वर जाते आणि तीच परत येते.
- नव्या विंडोजमध्ये 'पिक्चर्स' फोल्डर वनड्राइव्हने ताब्यात घेतले नाही ना, हे पाहिल्याशिवाय कॅटलॉग तिथे टाकू नका.
- डिस्क फॅट32 मध्ये फॉरमॅट करू नका. 4 जीबीपेक्षा मोठी फाइल ती घेत नाही आणि हळदीचा व्हिडिओ तिथेच अडकतो.
- दोन पोर्टेबल डिस्क एकाच स्वस्त हबवर लावू नका; वीज अपुरी पडते आणि कॉपी मध्येच तुटते.
- मृगाच्या विजा कडाडत असताना कॉपी सुरू ठेवू नका. थांबवा आणि प्लग काढा.
- कॉपी चालू असताना त्याच कॅटलॉगमध्ये फोटो निवडत बसू नका.
- विंडोज 10 वर नवा स्टुडिओ उभा करू नका. तिचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.
- क्रॅक केलेले लाइटरूम घेऊ नका, कोणी फुकट टाकून देतो म्हटले तरी; लोकांच्या घरचे फोटो तुमच्या भरवशावर त्या कॉम्प्युटरमध्ये असतात.
- ऐन लग्नसराईत आपोआप अपडेट चालू ठेवू नका. क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये ते बंद करा.
- अपग्रेड केलेला कॅटलॉग जुन्या आवृत्तीत उघडेल असे गृहीत धरू नका. परतीची वाट म्हणजे जुना कॅटलॉग, तोच सांभाळा.
- अपग्रेडनंतर जुन्या आणि नव्या कॅटलॉगमध्ये आलटून पालटून काम करू नका. दोन्हींत अर्धेअर्धे एडिटिंग राहते.
- जुन्या फोटोंची 'प्रोसेस व्हर्जन' एकगठ्ठा बदलू नका. 2012 पूर्वीच्या एडिटिंगचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट बदलतो, आणि पार्टीने छापील अल्बम पाहिलेला असतो.
- 'अपडेट एआय सेटिंग्ज' सगळ्या लायब्ररीवर चालवू नका. मास्क नव्याने आखले जातात, म्हणून एकेक फोटो पाहूनच करा.
- नव्या पडद्यावर जुने फोटो उजळ किंवा काळपट दिसले म्हणून पुन्हा एडिट करू नका. पडदा बदलला आहे, फोटो नाही.
- हलवतानाच चार कॅटलॉगांचा एक करू नका. आधी चारही सुखरूप पोहोचू द्या, मग 'इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग' वापरा.
- कार्ड रिकामी करू नका, जोवर त्यावरचे फोटो नव्या कॉम्प्युटरवर आणि दुसऱ्या एका डिस्कवर दिसत नाहीत.
- कॅमेऱ्याने दिलेल्या नावावरून फोटो जुळवू नका. 9999 नंतर आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, तारीखही पाहा.
- मेळघाटातले फोटो जुन्या सवयीने एक्सपोर्ट करू नका. नव्या कॉम्प्युटरवर 'रिमूव्ह लोकेशन इन्फो' पुन्हा लावावे लागते.
- रानपिंगळ्याच्या ढोलीचे ठिकाण फोटोबरोबर बाहेर जाऊ देऊ नका. हा पक्षी 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि आजही मोजक्या जंगलांतच आहे.
- पार्टीला 'सगळे सुरक्षित आहे' असे पडताळणीआधी सांगू नका.
- जुनी डिस्क भंगारात देऊ नका. क्विक फॉरमॅटने फोटो पुसले जात नाहीत, ते परत काढता येतात.
- कॉम्प्युटर विकायचाच असेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये डेटा साफ करण्याचा पर्याय निवडल्याशिवाय देऊ नका, आणि जमले तर डिस्क काढून स्वतःकडेच ठेवा.
- बॅकअपची डिस्क कपाटात ठेवून विसरू नका. दर दिवाळीच्या साफसफाईत ती जोडा आणि दहा-बारा फोटो उघडून पाहा.