चिमणी लावली, आता खिडकी उघडा

चिमणी विकणारा एकच आकडा पुढे करतो : ताशी १२०० घनमीटर. त्या आकड्याचा अर्थ मला आमच्या पडवीतल्या चुलीनं शिकवला.

दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच स्वयंपाकघरात हवा मावते जेमतेम ३४ घनमीटर. म्हणजे कागदावर तरी दोन मिनिटांच्या आत खोली रिकामी. बाहेर फेकली तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. आणि आमच्या उरवडे गावात आषाढात खिडकी उघडतो कोण? झड थेट ओट्यावर येते. मग हवा चुलीच्या धुराड्यातून खाली उतरते.

आईची भाकरी अजून चुलीवरच. रश्श्याच्या फोडणीला चिमणी पूर्ण जोरात सोडली, तसा पडवीतला धूर उलटा घरात आला. दार उघडल्यावर तो निवळला. चूल निखाऱ्यावर आली, धूर दिसेना, म्हणून कुणीतरी दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आईचं डोकं ठणकायला लागलं, मळमळू लागलं. घरात सगळ्यांचं निदान एकच : पित्त. अंगणाकडच्या मोकळ्या हवेत बसवल्यावर ती सावरली. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही.

आगीची भीती आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. ७ जून २०२१ रोजी इथल्या रासायनिक कारखान्यातल्या आगीत १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. पण न दिसणाऱ्या वायूची भीती अजून अंगवळणी पडलेली नाही.

घरात चूल, शेगडी किंवा बंब असेल तर एक परीक्षा करा. रोजच्यासारखी दारं-खिडक्या लावा, चिमणी जोरात सोडा आणि विस्तव पेटवण्याआधी धुराड्याच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर खोलीकडे वळला तर चिमणी चालू असेपर्यंत खिडकी हातभर उघडी हवीच. पाऊस आत येतो तर येऊ दे, फरशी पुसता येते. याच वायूपायी गॅस गिझरही बाथरूमच्या बाहेरच बसवा.

चिमणीचा पाइप धुराड्यातच सोडू, भिंतीला दुसरं भोक कशाला, असं सुचवणारे मिस्त्री भेटतात. ऐकू नका. तेलकट पाइपात ठिणगी गेली की संपलं. पाइप प्लास्टिकचा नको, ॲल्युमिनियमचा घ्या आणि थेट घराबाहेर काढा. जाळ्या वेळच्या वेळी कढत पाण्यात साबण घालून धुवा. ‘ऑटो क्लीन’ चिमणीचीही तेलाची वाटी आपल्यालाच रिकामी करावी लागते. कढईनं पेट घेतला तर गॅस आणि चिमणी दोन्ही बंद करा, वर झाकण ठेवा. पाणी मुळीच ओतू नका.

गॅसचा वास आला तर मात्र चिमणीच्या बटणाला हात लावू नका, चालूही नको, बंदही नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वरची चिमणी तो ओढणार नाही, बटणाची ठिणगी मात्र पडेल. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १९०६ ला फोन लावा, तोही अंगणात जाऊन.