कमी पळालेली म्हातारी

महूची छावणी जवळ असल्यामुळे आम्हा इंदूरकरांना फौजी गाड्यांचं तसं अप्रूप नाही. लहानपणी महूकडे जाताना शक्तिमान ट्रकांची रांग समोरून आली की बसचा ड्रायव्हर गुपचूप कडेला घ्यायचा. ते पुढे आलेलं बोजड नाक माझ्या मनात तेव्हापासून बसलं होतं. २००९ साली ते महागात पडलं.

आमचा बोरिंगचा धंदा. सांवेरकडच्या काळ्या मातीत पावसानंतर साधा ट्रक उतरवला की रुततोच. मग ट्रॅक्टर बोलवा, आणि कमाई त्याला द्या. पाइप वाहायला चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. अशात लिलावातून सुटलेला एक शक्तिमान दिसला. मीटरवर जेमतेम एकोणतीस हजार किलोमीटर! बाबा एवढंच म्हणाले, “अरे, फौज चांगली वस्तू विकेल कशाला?” मी व्यवहार करून मोकळा झालो होतो.

देवास नाक्यावरच्या उस्तादांनी बॉनेट उघडायच्या आधी दारावरचा रंग नखाने खरवडला. खाली फौजी नंबर पुसट दिसला. वर जाणारा बाण, त्यापुढे दोन आकडे : ८५. फौजी नंबरातले हे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आली ते साल. “भिया, चली नी है तो क्या, बुढी तो हो गई ना,” ते म्हणाले. मी हसलो. तुम्ही हसू नका. मीटर किलोमीटर मोजतं, शेडमध्ये उभ्या काढलेल्या वर्षांचा हिशेब ते ठेवत नाही. तो रबराकडे असतो.

आमच्या गाडीच्या ब्रेकला तेल होतं आणि जोडीला हवेचा जोर. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. गाडी उभी राहिली की सिलिंडर आतून गंजतो, रबरी कप कडक होतो. सावकाश चालवताना, रिकाम्या गाडीत, काही कळत नाही. आम्ही ‘ब्रेक लागतोय ना’ एवढं बघितलं आणि पाइप भरून बडवाहला निघालो. सिमरोल मागे पडलं, भेरूघाट सुरू झाला. तिसऱ्या वळणावर पेडल फळीपर्यंत गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून हे लिहायला मी आहे. डावीकडे डोंगर होता, त्याला घासत थांबवली. खाली उतरून बघतो तर मागच्या चाकातून तेल गळून टायर भिजलेलं. कप हातात घेतला तर खारीसारखा मोडला.

तेव्हा अशी गाडी घेतलीत तर पहिल्या फेरीआधी चारही बाजूंचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी नळ्या उघडून बदला. एकच कप गळतोय म्हणून एकच बदलू नका, बाकीचे त्याच वयाचे आहेत. डिझेलची टाकी उतरवून धुवा. टायरवरच्या नक्षीला भुलू नका. बाजूला चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल.

सुट्या भागांची मला फिकीर नव्हती, आणि त्यामागे माझं एक शहाणपण होतं. शक्तिमान मूळचा जर्मनीच्या मान कंपनीचा, १९५९ च्या सुमारास परवान्यावर जबलपूरला बनू लागलेला. आणि त्याच मानचे ट्रक तेव्हा इथे पीथमपूरला, दाराशीच, बनत होते. मी थेट जुना पंप घेऊन चौकशीला गेलो. समोरच्या माणसाने तो असा हातात घेतला, जणू मी आजोबांची कवळी आणली आहे. नाव एक, मधे पन्नास वर्षं. काही जुळलं नाही. (पीथमपूरचं ते उत्पादनही २०१८ मध्ये गुंडाळायचं ठरलं.)

मग इंजिनच बदललं. बदलू नका असं मी म्हणणार नाही, पुष्कळ जण बदलतात. पण नवं इंजिन बसवताना बैठक जरा वर गेली, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला, आणि दोन महिन्यांत क्रॉस व मागोमाग ट्रान्स्फर केसचं बेअरिंग गेलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन मोजल्याशिवाय वेल्डिंग करू देऊ नका. आणि चिखलातून डांबरावर आलात की पुढच्या धुऱ्याची ओढ लगेच सोडा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर तो पीळ थेट गिअरला बसतो.

कागदांचं थोडक्यात : फौजेची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली वेगळी असते, बाहेर आल्यावर नव्याने करावी लागते. इंजिन बदलायचं तर कलम ५२ बघा आणि आधी परवानगी घ्या. फौजी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही. आमची आता पिवळी आहे.

राहिली रिंग. या चाकांची कड सुट्या लोखंडी रिंगने अडकवलेली असते. आमच्या शेडमध्ये पंक्चरवाल्या पोराने हवा लावली आणि तो नळी तशीच सोडून पाणी प्यायला गेला. खाचेत गंज होता, रिंग नीट बसली नव्हती. आवाज झाला तेव्हा मला वाटलं गाडीच फुटली. रिंग पत्रा फाडून वर गेली होती. पोरगं हातात तांब्या घेऊन तसंच उभं. त्या दिवसापासून आमच्याकडे चाक गाडीवरून सोडवायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ देतात. रिंग दुसऱ्या चाकाची लावत नाहीत, वाकलेली ठोकून सरळ करत नाहीत. हवा भरताना चाकाला जाड साखळीचे वेढे, नळी लांब, आणि रिंगेसमोर कुणी उभं राहत नाही, मालकसुद्धा.