निद्रा आणि स्मरण

नोकरी व संसार सांभाळून शिकणारे आपण परीक्षा जवळ आली की प्रथम झोपेलाच कात्री लावतो. १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स व डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरसमूह पाठ करून घेतले. (अर्थ असला की आठवणीला आधार मिळतो, म्हणून निरर्थक.) १, २, ४ व ८ तासांनंतर चाचणी घेतली असता, मधला काळ झोपेत गेल्यास विस्मरण कमी, जागेपणी गेल्यास अधिक आढळले. झोपेत नवे ठसे जुन्यांच्या आड येत नाहीत, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. दोघांवरचाच हा प्रयोग. परंतु पुढील संशोधनाने त्यात मोलाची भर घातली. गाढ झोपेत मेंदू दिवसा शिकलेल्या गोष्टींची उजळणी करतो आणि त्यातून स्मृती दृढ होते.