गोधडीचा भाव टाक्यावर ठरवा

कापूस पिंजून गाद्या आणि दुलया भरणे हा आमच्या पिंजारी व मन्सुरी बांधवांचा पिढीजात धंदा. धनुकलीची जागा यंत्राने घेतली आणि बाजारात पानिपतची ब्लँकेटे आली, तसा हा धंदा आखडत गेला. मात्र त्याच घरांतील स्त्रियांच्या हाती एक हुनर अजून शिल्लक आहे, ते म्हणजे गोधडी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात थंडीच्या दिवसांत ती गरजेची वस्तू आहे. पण ती विकायला काढली की गिऱ्हाईक म्हणते, "चिंध्यांचे एवढे पैसे?" आणि आपणही भाव चिंध्यांचाच लावतो. मेहनत हिशेबात येतच नाही.

गट करून हे हुनर विकता येते, याचे उदाहरण कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलात आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांत मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून 'कवंद' शिवतात. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत त्या मध्यापर्यंत जातात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. पूर्वी ही कवंदे घरच्या वापरासाठीच होत. 2004 मध्ये अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रुवाल यांच्या मदतीने सिद्दी स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि हा माल परगावच्या गिऱ्हाइकापर्यंत गेला. शिवण तीच, हात तेच. बदलली ती विकण्याची रीत.

हिशेब कसा मांडावा?

सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडी घ्या. एक इंच अंतराने लांबीच्या दिशेने ओळी घातल्या तर 48 ओळी, म्हणजे 288 फूट शिवण होते. अर्धा इंच अंतर ठेवले तर 576 फूट. समजा, एक बाई तासाला 12 फूट शिवते. पहिल्या गोधडीला 24 तास, म्हणजे आठ तासांचे तीन दिवस लागले. दुसरीला सहा दिवस. रोजी 300 रुपये आणि कापड-दोरा 250 रुपये धरला, तर पहिली 1150 रुपयांना व दुसरी 2050 रुपयांना पडते. नफा त्यानंतर. आपल्या गटाचा वेग घड्याळ लावून काढावा आणि आकडे त्याप्रमाणे बदलावेत.

यावरून मालाच्या दोन प्रती आपोआप ठरतात. विरळ शिवणीची गोधडी आठवडी बाजारासाठी. दाट शिवणीची ताडोब्याला येणारे पर्यटक व शहरी गिऱ्हाईक यांच्यासाठी. दाट माल आठवडी बाजाराच्या भावात विकणे म्हणजे बाईचे तीन दिवस फुकट देणे.

माल व शिकवणी

कापड सुती घ्यावे. नायलॉनवर शिवण सरकते. कापड गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहावे. शिंप्यांकडील कातरण व गादीच्या दुकानातील उरलेले तुकडे वरच्या थराला चालतात, आत जुनी लुगडी घालावीत. एका जाणत्या बाईसोबत दोन शिकणाऱ्या बसवाव्यात. कोपरे जाणतीने धरावेत, मधल्या ओळी शिकणाऱ्यांनी घालाव्यात. हुनर वाटल्याने रोजी कमी होईल ही भीती नको. एकटी बाई मोठी ऑर्डर वेळेत पुरी करू शकत नाही, गट करू शकतो.

व्यवहार हलाल व स्पष्ट

दुकानदाराने भांडवल द्यावे, पण व्याजाने नव्हे. रस्ते दोन आहेत. एक, फुटामागे किंवा दिवसामागे मजुरी ठरवावी; मग गोधडी विको वा न विको, मजुरी देणे आलेच. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आहे. दोन, मुदारबत करावी: भांडवल दुकानदाराचे, मेहनत गटाची आणि नफ्याचा हिस्सा आधी ठरलेला. तोटा आला आणि गटाची हयगय नसली तर भांडवलाचे नुकसान दुकानदाराने सोसायचे. गटाची मेहनत वाया जाते. मुदारबतीत ठराविक मजुरी मागता येत नाही, म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नये. जे ठरेल ते लिहून ठेवावे. उधारीचा व्यवहार लिहिण्याची आज्ञा सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहे.

आमचे दुकानदारांना एवढेच सांगणे आहे की गोधडी हाती घेतल्यावर तिच्या ओळी मोजा आणि मग भाव बोला. इन्शाअल्लाह, गिऱ्हाईकही तेच शिकेल.