‘रूट’चे अधिकार

लिनक्स ही संगणकप्रणाली लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तिची धाटणी मात्र १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सची. युनिक्सच्या एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत. म्हणून कोणी कशास हात लावावा, याचे निर्बंध आवश्यक ठरले. लिनक्समध्येही प्रत्येक वापरकर्त्यास क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक शून्य, तो ‘रूट’, म्हणजे मूळ. त्याला यंत्रावर जवळजवळ काहीच वर्ज्य नाही.

रूट होण्याची जुनी आज्ञा ‘सु’. ती दिली की यंत्र रूटचा परवलीचा शब्द विचारते. तो टंकताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. नवशिक्यांस वाटते, कळफलकच बिघडला! शब्द जुळला की ओळीच्या आरंभीचे $ हे चिन्ह जाऊन # येते. आज्ञेपुढे एक आडवी रेघ जोडणे बरे. न जोडल्यास अधिकार रूटचे, पण भोवतालची मांडामांड आपलीच, अशी चमत्कारिक अवस्था होते. काम संपताच ‘एक्झिट’ म्हणून परतावयाचे असते.

हे परतणेच आम्ही एकदा विसरलो. शाळेच्या संगणककक्षात छपाईयंत्र जोडण्यासाठी आम्ही रूट झालो होतो. नंतर एक जुना फोल्डर रिकामा करावा म्हणून ‘आर-एम’ ही पुसण्याची आज्ञा दिली. पण उभे होतो भलत्याच फोल्डरमध्ये. एरवी यंत्राने ‘परवानगी नाही’ म्हणून आमचा हात धरला असता. रूटपुढे ते चकार शब्द बोलले नाही. नववीच्या मुलांचे प्रकल्प क्षणार्धात गेले, आणि या आज्ञेने पुसलेले कचरापेटीतही सापडत नाही. यंत्राच्या नोंदवहीत कोणी तरी रूट झाल्याची नोंद होती. पुढे त्याने काय केले, याची नव्हती. आम्ही होऊन सांगितले, तेव्हाच ते गुरुजींस कळले.

‘सुडो’ या आज्ञेचे मोल आम्हांस तेव्हा उमगले. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी ती रचली. येथे शब्द द्यावयाचा तो रूटचा नव्हे, स्वतःचा. अधिकार मिळतो तो सहसा पुढच्या एका आज्ञेपुरता. आणि कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली, याची नावानिशी नोंद होते. उबंटूने तर २००४ मधील पहिल्या आवृत्तीपासून रूटचा परवलीचा शब्द बंदच ठेवला व सर्व भार सुडोवर टाकला.

कोणास काय करू द्यावे, ते ‘सुडोअर्स’ या फाइलीत लिहिलेले असते. ती ‘व्हिसुडो’नेच उघडावी. लिहिण्यात चूक असेल तर ते जतन करण्यापूर्वी सावध करते; अन्यथा एका चुकीच्या ओळीपायी सर्वांचीच सुडो अडू शकते. आमच्या कक्षातील त्या फाइलीत आता आमच्या नावापुढे एकच परवानगी आहे: छपाईची सेवा पुन्हा सुरू करणे.